‘कोमा’ वाचताना: थरार बाजूला, पद्धत बघा

(पुढे कथानकातली गुपितं फुटतील. वाचायची असेल तर आधी कादंबरी वाचा.)

रॉबिन कुकची ‘कोमा’ १९७७ सालची. त्याच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद पुण्याच्या मेहता पब्लिशिंग हाऊसने वाचकांपर्यंत पोचवलेत, त्यामुळे नाव तुमच्या कानावर असेलच. बोस्टनच्या एका रुग्णालयात किरकोळ शस्त्रक्रियेला आलेले धडधाकट रुग्ण भूल दिल्यावर शुद्धीवरच येत नाहीत. सगळे म्हणतात, अशी गुंतागुंत होतेच. सुझन व्हीलर ही विद्यार्थिनी विचारते, होते, पण इतकी?

संशोधनाला निघालेल्यांनी इथे थांबावं. एका केसवरून आरडाओरडा करण्याऐवजी ती अशा केसेसची यादी काढते, प्रमाण बघते आणि समान धागा शोधते. तो सापडतो आठ नंबरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये: ऑक्सिजनच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि रक्त उलट लालभडक दिसतं. म्हणजे कट शास्त्रीयदृष्ट्या अगदीच हवेतला नाही.

मग खटकतं काय? एक, परवानगीशिवाय रुग्णांच्या नोंदी मिळवणं इथे शौर्य ठरतं. तुम्ही तसं केलंत तर एथिक्स कमिटी तुमचं कामच थांबवेल, आणि ते योग्यच आहे. दोन, शेवटी खलनायक स्वतःच सगळं सांगून टाकतो. इतका वेळ पुराव्यावर चाललेली गोष्ट कबुलीवर संपते. आपल्या डेटाला असं तोंड नसतं हो!

तिसरा मुद्दा जास्त गंभीर. अवयवांसाठी माणसं मारतात, ही भीती अशा कथा मनात ठेवून जातात. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. कोमा म्हणजे मेंदूमृत्यू नव्हे. हा फरक न कळल्याने एखादं कुटुंब अवयवदानाला नाही म्हणालं, तर प्रतीक्षायादीतल्या कुणाची तरी संधी जाते.

तरीही वाचाच. दोनशे पानं पळापळीची असली तरी पहिला भाग पेन्सिल घेऊन वाचा. तुमच्या आकड्यांत एखादा बिंदू रांग सोडून बसला, तर खोडायच्या आधी विचारा: हा कुठल्या खोलीतून आला?