स्लायडरची दोन टोके

काही वर्षांपूर्वी कनिष्ठ महाविद्यालयातल्या माझ्या अकरावीच्या वर्गाला मी 'नेटलोगो' या संगणकप्रणालीतले वस्त्यांचे एक प्रारूप दाखवत होतो. पडद्यावर चौकटींचा पट आणि त्यावर दोन रंगांचे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक घर. बाजूला एक स्लायडर: शेजाऱ्यांपैकी किमान किती टक्के आपल्या रंगाचे हवेत? तेवढे नसतील तर ठिपका उठतो आणि मोकळी जागा शोधून तिथे बसतो. स्लायडर सुरुवातीला ३० वर असतो. म्हणजे सत्तर टक्के शेजारी परके असले तरी कोणाची तक्रार नाही. तरीही बटण दाबताच पट पाहता पाहता दुभंगतो. ठिपके स्थिरावतात तेव्हा सरासरीने सुमारे सत्तर टक्के शेजारी आपल्याच रंगाचे झालेले असतात.

वर्ग थक्क झाला. मीही दरवर्षी होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारले, "सर, पण यात सोसायटीची कमिटी कुठाय?" तिच्या घरच्यांना आडनाव ऐकून फ्लॅट भाड्याने नाकारला गेला होता, हे नंतर कळले. "आम्ही कुठे उठून गेलो? आम्हाला येऊच दिलं नाही."

"हे साधं प्रारूप आहे," असे काहीतरी बोलून मी पुढे गेलो. ते उत्तर मला अजून टोचते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाला नीट उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

वैज्ञानिक सिम्युलेशनमधली नियंत्रणे कशी असावीत, याविषयी लिहिणारे बहुतेक जण एका शब्दापाशी येऊन थांबतात: सहज. पाहताक्षणी हात जिथे जायला हवा तिथे जावा, माहितीपुस्तिका लागू नये. हा निकष चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जे सहज होते त्यावर आपण विचार करत नाही. म्हणूनच ते सहज. आणि विचार करायला लावणे हे तर विज्ञानाच्या साधनाचे काम. समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर स्लायडर हे एक विधान आहे. त्याचे नाव कोणीतरी ठरवलेले असते. दोन्ही टोके कोणीतरी आखलेली असतात. तो सुरुवातीला कुठे उभा असेल, एका वेळी किती सरकेल, हेही कोणीतरी ठरवते. कथेत निवेदक काय सांगतो याइतकेच तो काय सांगत नाही हे आपण पाहतो. इथेही तेच पाहायला हवे.

सहजतेच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा 'फेट' या प्रकल्पाचा. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक असलेले कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आवारात सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स विद्यार्थ्यांसमोर ठेवून, ते काय करतात आणि मोठ्याने काय बोलतात ते टिपून, मग सुधारली जातात. पडद्यावर सूचना जवळजवळ नसतातच. या गटाला असे आढळले की पायरीपायरीने सूचना दिल्या तर मुले तेवढेच करून थांबतात. एखादा मोकळा प्रश्न देऊन सोडले तर स्वतःचे प्रश्न विचारू लागतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, विद्युतमंडलाचे सिम्युलेशन वापरलेले विद्यार्थी पुढे खरे मंडल जोडण्यातही, खऱ्या उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. मी हे वाचले तेव्हा आयुष्यभर प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळलेला माणूस म्हणून जरा दुखावलो होतो. आज तो निष्कर्ष मला पटतो.

कारण ते मंडल खरोखर उत्तम रचलेले आहे. बॅटरी, तार, दिवा उचला आणि जोडा. प्रवाह बेसुमार वाढला की बॅटरी पेट घेते. धोक्याची पाटी लावावी लागत नाही. तारेतून इलेक्ट्रॉन धावताना दिसतात. प्रवाह फारच वाढला तर पडद्यावर सूचना येते, की चलचित्राच्या वेगाची मर्यादा आली असून वेग कमी करून दाखवला जात आहे. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. इथे सिम्युलेशन स्वतःच कबूल करते, की तुम्ही पाहता आहात ते चित्र आहे. चांगला निवेदक असाच मधूनच आपल्याकडे वळून पाहतो.

पण सगळीकडे हे जमत नाही. याच प्रकल्पातल्या हरितगृह परिणामाच्या सिम्युलेशनमध्ये वायूच्या प्रमाणाचा स्लायडर 'अजिबात नाही' ते 'भरपूर' अशा अर्थाच्या शब्दांमध्ये सरकतो. आकडे नसल्याने मूल बिचकत नाही, खेळते. शिक्षक म्हणून मला हे आवडते, वाचक म्हणून खटकते. १७५० च्या सुमारास हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० होता, आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. हे अंतर त्या पट्टीवर किती? भरपूर म्हणजे कोणाच्या हिशेबाने? तिथे हिमयुग, १७५० असे कालखंड निवडायचीही सोय आहे, हे चांगले. पण हात आधी स्लायडरकडे जातो. फेटची सिम्युलेशन्स मराठीतही आली आहेत, त्याचा आनंद आहे. मात्र भाषांतरात शब्द बदलतात, टोके तीच राहतात.

याच्या दुसऱ्या बाजूला १९८९ चा 'सिमसिटी' हा खेळ ठेवून पाहावा. तो विज्ञानाचे साधन म्हणून आला नाही, पण त्याचे कर्ते विल राइट यांनी जे फॉरेस्टर यांच्या शहरांविषयीच्या १९६९ च्या प्रारूपातून प्रेरणा घेतली होती. कर वाढवा, चौकी बांधा, रस्ता काढा, सगळे हाताशी. समाजशास्त्रज्ञ शेरी टर्कल यांनी नोंदवले आहे की एक शाळकरी मुलगी खेळता खेळता शिकलेला नियम सांगत होती: कर वाढवले की दंगल होते. हा जगाचा नियम नव्हता, खेळ रचणाऱ्याचा होता. पण तिला तो उघडून पाहायची वाटच नव्हती. संगणकतज्ज्ञ ॲलन के यांचाही आक्षेप नेमका हाच होता, की गृहीतके झाकलेली आहेत आणि खेळणाऱ्याला ती बदलता येत नाहीत.

यावरून माझा निकष असा. नियंत्रण हाताला सोपे आहे का, हा पहिला प्रश्न. ते स्वतःची मर्यादा दाखवते का, हा दुसरा. आणि ती मर्यादा ओलांडू देते का, हा तिसरा. सिमसिटी पहिल्यावरच थांबते. फेटचे विद्युतमंडल दुसऱ्यापर्यंत येते.

आता वर्गातल्या त्या पटाकडे परत येतो. ते प्रारूप अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांचे. २००५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी हा खेळ आधी कागदावर नाणी मांडून केला होता. १९७१ च्या निबंधात त्यांनी संघटित भेदभाव आणि आर्थिक कारणे वेगळी काढून, आपण फक्त व्यक्तींच्या निवडीचा विचार करतो आहोत, हे स्पष्ट केले होते. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून सरकारी गृहकर्जाची हमी कृष्णवर्णीय वस्त्यांना नाकारली जात होती. घरांतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा १९६८ मध्ये आला. हे शेलिंग यांना माहीत नव्हते असे नाही. निबंधात ती मर्यादा वाक्यात होती. स्लायडरमध्ये ती उरली नाही. पडद्यावर फक्त आवड उरली, आणि पाहणाऱ्याला वाटते की वस्त्या आवडीनेच दुभंगतात.

शिवाय तो स्लायडर दिसतो तितका सरळही नाही. तो ९० पर्यंत ओढा. पट अधिक दुभंगत नाही. कोणाचेच समाधान होत नाही, ठिपके पळतच राहतात आणि पट मिसळलेला राहतो. हात म्हणतो जास्त म्हणजे जास्त, प्रारूप तसे म्हणत नाही. माझ्या वर्गातल्या एकाने "कट्टरपणा वाढला की एकी होते" असा निष्कर्ष काढलाही होता!

तरीही नेटलोगोला मी या तिघांत वरचे स्थान देतो. युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेल्या या प्रणालीत नियंत्रणांच्या शेजारीच माहितीचे पान आणि संहितेचे पान असते. स्लायडरची टोकेही वापरणारा बदलू शकतो. दार उघडे आहे. अडचण एवढीच, की त्या दाराकडे बोट दाखवणारे स्लायडरवर काहीच नाही, आणि आत गेल्यावर समोर येते ती प्रोग्रॅमिंगची भाषा. सहजता उंबरठ्यापर्यंतच पोचते. स्लायडरपाशीच 'यात काय धरलेले नाही' अशी एक ओळ असती, तर त्या मुलीला हात वर करावा लागला नसता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे संहितेच्या पानावर बसलो. बऱ्याच खटपटीनंतर तिने एक नवा स्लायडर जोडला: पटाचा किती भाग एका रंगाला बंद. मग आवडीचा स्लायडर शून्यावर नेला. एकही ठिपका हलला नाही. पट मात्र पहिल्या क्षणापासून दुभंगलेला होता.

"यात बघण्यासारखं काहीच नाही हो सर," ती म्हणाली.

खरे होते. शेलिंग यांच्या पटात थक्क करणारे काहीतरी आहे, म्हणून तो अर्धे शतक वर्गावर्गांत दाखवला जातो. तिच्या पटात आश्चर्य नव्हते, नुसती माहितीतली गोष्ट होती. आता मी दोन्ही दाखवतो, आणि तिचा आधी.