‘मुंबईपासून फक्त...’

एका दिवसाच्या सहलींवर मराठीत सध्या भरपूर लिहिलं जातं आणि त्याहून जास्त रील्स बनतात. त्यातले वीस-पंचवीस नमुने सलग बघा. सुरुवात जवळजवळ सगळीकडे एकच: ‘मुंबईपासून फक्त इतक्या किलोमीटरवरचं हे ठिकाण तुम्हाला माहीत आहे का?’ मग फोटोच्या तीन जागा, जेवणाची एक, पार्किंग आहे की नाही आणि शेवटी ‘ज्याच्यासोबत जायचंय त्याला टॅग करा’. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला टेम्प्लेट म्हणतात. मजकूर तोच ठेवायचा, गावाचं नाव तेवढं बदलायचं.

हे का होतं ते कळायला अवघड नाही. लोक सर्च करतात ‘वन डे ट्रिप निअर मुंबई’. ज्या मजकुरात हेच शब्द असतात तो वर येतो. त्यामुळे गावाबद्दल लिहिणारासुद्धा गावाकडे न बघता त्या सर्चकडे बघून लिहितो. माझी तक्रार रील्सच्या दर्जाबद्दल नाही, काही फार सुंदर शूट केलेल्या असतात. तक्रार त्या पहिल्या वाक्याबद्दल आहे.

हमरापूर घ्या. पनवेल-रोहा मार्गावर जिते आणि पेण यांच्या मधलं स्टेशन. हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. दर पावसाळ्यात इथल्या रील्स येतात: पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्तींच्या रांगा, मधून चालणारी एक मुलगी, मागे ढोल-ताशा. दिसायला छान. पण एवढं बघून त्या कारखान्यात काय चाललंय हे कळत नाही. हे काम ऑगस्टपुरतं नसतं, वर्षभर चालतं. शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळ घेणारी, वाहतुकीत तुटणारी. पीओपीची हलकी आणि झटपट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीवर बंदी आणली, तेव्हापासून ‘यंदा साचे कशाचे भरायचे’ हा इथला खरा प्रश्न होता. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली. विसर्जनाचा वाद त्यानंतरही उरलाच. गावाची रोजीरोटी ज्या प्रश्नावर टांगलेली होती, तो प्रश्न त्या तीस सेकंदांत मागे उभाही नसतो.

साच्यातून मूर्ती काढणं वाईट नाही. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी हाताने करावी लागते, आणि गिऱ्हाईक मूर्ती निवडतं ते डोळे बघून. आपल्या सहलीच्या लेखनात साचा आहे, आखणी राहून गेली आहे.

आता जिथे ही सहल जुनी आहे तिथे बघू. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुकने इंग्लंडमध्ये पाचशेच्या आसपास माणसं रेल्वेने लेस्टरहून लॉफबरोला नेली आणि त्याच दिवशी परत आणली. अंतर अकरा मैल, भाडं एक शिलिंग. जगभर पसरलेल्या टूर कंपनीची सुरुवात म्हणजे एका गावाहून शेजारच्या गावाला जाणं. तेव्हापासून आजपर्यंत छोट्या गावात जायचं, थोडं चालायचं, पबमध्ये जेवायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, हा तिथल्या लोकांचा नेम आहे. त्यातून लेखनाचा एक प्रकारही तयार झाला. जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘द मून अंडर वॉटर’ नावाच्या पबवर लेख लिहिला. पब बसस्टॉपपासून दोन मिनिटांवर आहे, असं तोही सांगतो. म्हणजे अंतर सांगणं हा गुन्हा नाही. पण पुढे तो तिथे रोज येणाऱ्यांबद्दल, त्यांना ओळखणाऱ्या कामवाल्या बायकांबद्दल, कपांबद्दल, खाण्याबद्दल, मागच्या बागेत खेळणाऱ्या मुलांबद्दल लिहितो. शेवटी कबूल करतो की असा पब अस्तित्वातच नाही. नसलेली जागा त्याने इतकी भरून लिहिली, आणि आपण असलेली गावं रिकामी करून लिहितो.

मराठीला हे जमत नाही असंही नाही. पु. लं.चं ‘अपूर्वाई’ १९६० चं, त्यात विलायत आहे. मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ कितीतरी घरांत असतं. आपण परक्या देशात गेलो की माणसं बघतो, त्यांच्या बोलण्याची ढब टिपतो, चहाची चवसुद्धा लिहितो. आणि मराठीतल्या गाजलेल्या प्रवासवर्णनांपैकी एक लिहिणारा माणूस याच पेण तालुक्यातला. विष्णुभट गोडसे, गाव वरसई. दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीत त्यांनी जे पाहिलं ते ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे, जे १९०७ मध्ये छापून आलं. दूर जाऊन बघायची नजर या तालुक्याने मराठीला दिली. या तालुक्यात येऊन बघताना मात्र आपण किलोमीटर मोजतो. जवळचं लिहायचं झालं तर आपल्याकडे किल्ले आणि देवस्थानं आहेत, त्यावर उत्तम पुस्तकंही आहेत. पण ज्या गावात किल्ला नाही, मोठं देऊळ नाही, नुसती खारभूमी, मिठागरं, कारखाने आणि बाजार आहे, त्याच्यासाठी आपण भाषाच तयार केली नाही.

यात एक अडचण खरी आहे. पब म्हणजे सार्वजनिक घर. तिथे परका माणूस पैसे देऊन बसतो आणि शेजारी गावकरी बसलेला असतो. आपल्याकडे अशी जागा कमी. रायगडातली पोपटी आठवा: हिवाळ्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, बटाटे मडक्यात भरायचे, भांबुर्डीचा पाला घालायचा, मडकं उपडं ठेवून वरून जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. ती हॉटेलच्या कार्डावरची वस्तू नव्हे. शेताच्या बांधावर कुणीतरी बोलवावं लागतं. आता फार्महाउसवर ‘पोपटी पॅकेज’ मिळतं, चवही बरी असेल. पण त्या पॅकेजवर लिहिताना बोलावणारा माणूस गायब होतो आणि ‘ऑथेंटिक’ हा शब्द त्याच्या जागी येऊन बसतो.

मग बिघडलं काय? सहलीचं लेखनच आहे, कुणाचं काय जातं? जातं. कारण ते पहिलं वाक्य आणखी एका ठिकाणी वापरलं जातं: प्लॉटच्या जाहिरातीत. ‘मुंबईपासून फक्त इतक्या मिनिटांवर, निसर्गाच्या कुशीत एनए प्लॉट.’ जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि ती मिनिटं अजून कमी झाली. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. लोक त्याला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. नावातच गाव उरलेलं नाही. सहलीचा लेख आणि जाहिरात यांचं व्याकरण एक आहे: दोन्हींत जागेची किंमत ती मुंबईला किती जवळ आहे यावर ठरते, आणि दोन्हींत तिथे राहणारा माणूस नसतो.

तो माणूस मात्र बोललेला आहे. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. सेझ पुढे बारगळलं. इंग्लंडमध्येही सहलीच्या गावांचं सगळं गोड नाही. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला सुट्टीची घरं घेणाऱ्यांमुळे स्थानिकांना घर परवडेना, तेव्हा २०१६ मध्ये गावाने मतदान करून ठरवलं की नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत. म्हणजे पबवर चांगले लेख लिहिल्याने गाव वाचतं असं नाही. पण गावाला तिथली माणसं असतात एवढं तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं.

मग चांगला लेख कसा असावा? दिवा-रोहा गाडीने हमरापूरला उतरलेल्या माणसाने लिहिलेला असावा. फोटो काढायच्या आधी विचारलं होतं का, हे त्यात कळावं. मूर्ती सुकायला किती दिवस लागतात, आखणी करणाऱ्याला मूर्तीमागे किती मिळतात, पेणच्या बाजारात पोह्याच्या पापडाचा भाव काय आणि तो लाटणारी बाई कुठून येते, हे असावं. पोपटी खाल्ली असेल तर बोलावलं कुणी तेही असावं, नाव नको, नातं सांगितलं तरी पुरे.

एक सोपी टेस्ट आहे, कुठल्याही लेखावर किंवा रीलच्या कॅप्शनवर चालवता येते. त्यातले ‘मुंबई’ आणि ‘पुणे’ हे शब्द आणि गावाचं नाव पुसून टाका. उरलेला मजकूर वाचून हे हमरापूर आहे की नागोठणे की रोहा, हे पेणच्या माणसाला ओळखता आलं पाहिजे. पुढच्या वेळी शेअर करायच्या आधी एकदा करून बघा.