लेखकनामांचे शुद्धीकरण : एक आक्षेप

ग्रंथसूचीच्या संगणकीय नोंदींत एकाच लेखकाची नावे अनेक रूपांनी साठतात. त्यांचे एकीकरण आवश्यकच आहे. मात्र ते केवळ यांत्रिक नियमांवर सोपविणे घातक होय. ‘श्री.’ला आदरार्थी उपपद समजून गाळणारा नियम श्री. कृ. कोल्हटकरांतील ‘श्रीपाद’च पुसून टाकतो! राम गणेश गडकरी (१८८५-१९१९) यांचा प्रश्न अधिक बिकट. नाटके स्वनामाने, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून, विनोदी लेखन ‘बाळकराम’ म्हणून. तिन्ही नावे ‘गडकरी’त विलीन केल्यास मुद्रित नाव नोंदीतून नाहीसे होते; नुसती अलग ठेवल्यास समग्र गडकरी अभ्यासकाच्या हाती लागत नाहीत. आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण संहितेच्या १९८८ च्या सुधारित आवृत्तीने अशी नावे स्वतंत्र ठेवून परस्परसंदर्भांनी जोडण्याची तरतूद केली होती. शुद्धीकरणाच्या घाईत नेमके हे परस्परसंदर्भच ‘द्विरुक्ती’ म्हणून खोडले जातात.