रस्त्याचे वाचन

दलित साहित्याची आपली समीक्षा पाणवठ्यापाशी थांबते. रस्त्यापाशी ती थांबत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्यायले, हे आपण लिहितो. त्या तळ्यापर्यंत माणसे रांगेने, भर रस्त्यातून चालत गेली, हे मात्र ओझरते येते. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते एका दमात आले आहेत. त्यातला तलाव आपण वाचला. रस्ता वाचायचा राहिला.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) घ्या. सुरुवातीलाच गावच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन, डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या आहेत. समीक्षकांनी विणकामाच्या प्रतिमेवर भरभरून लिहिले. ती पायपीट त्यांना निव्वळ पार्श्वभूमी वाटली. मला तो पुस्तकाचा कणा वाटतो.

परवा कोलाडच्या नाक्यावर उभा होतो, तेव्हा हेच मनात घोळत होते. महाडला जाणारा तोच हा मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करण्याचे काम २०११ साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. येथूनच रोह्याचा फाटा फुटतो. त्यावर धाटावच्या रासायनिक कारखान्यांचे टँकर. डोक्यावर मोळी, हाताला पोर, अशी एक कातकरी बाई कडेला उभी होती. गाडीमागून गाडी. मी घड्याळ पाहिले नाही, पण पोर कंटाळून खाली बसले.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेसाठी वाहनांची मापे ठरवली. मोटार १, सायकल अर्धी, ट्रक ३, बैलगाडी ८. चालणाऱ्या माणसाला त्या कोष्टकात आकडाच नाही! बैलाला जागा मिळाली, हेही थोडके नव्हे.

कोणी म्हणेल, ट्रक काही जात विचारून धडकत नाही. कबूल. बहिष्कार आणि बेपर्वाई एकच, असेही मी म्हणत नाही. पण गाडी नसलेले, वाडी-वस्तीवरून शाळेला, रेशनला, मजुरीला पायी निघणारे कोण, याचे उत्तर नाक्यावर तासभर उभे राहिले तरी मिळते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क कलम २१ मध्ये धरला. तेव्हा मागणी नेमकी हवी : दोन्ही अंगांना सलग पदपथ, वाडीपर्यंत दिवे, वस्तीजवळ वाहनांचा वेग कमी, आणि जिथे लोकांची पायवाट आधीच रस्ता ओलांडते तिथेच, जमिनीवरून, ओलांडण्याची सोय. 'पादचारी पूल बांधू' म्हणणाऱ्यांनी मोळी डोक्यावर घेऊन त्याचे जिने एकदा चढावेत, मग बोलू.