सहजतेची कसोटी

खेड्यात एकटा राहून चित्र काढणाऱ्या माणसाबद्दल आपल्या कलाविश्वात बरेच गोड गैरसमज आहेत. शिकलेला नाही म्हणून तो निर्मळ, बाजारापासून लांब म्हणून अस्सल, रेघ वाकडी म्हणून बालसुलभ! जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या गावी बसून कोणी रोज रंगांशी झटत असेल, तर त्याच्या वाट्याला एक तर असले कौतुक येते, नाही तर निव्वळ दुर्लक्ष. दोन्हींत त्याचे चित्र मात्र कोणी पाहत नाही. सहजता अडाणीपणातून येत नाही आणि एकांतात आपोआप उगवतही नाही. ती कमवावी लागते. म्हणूनच तिला चित्राचीच कसोटी लावायला हवी.

लहान मूल चित्र काढते तेव्हा त्याला जे ठाऊक आहे ते मांडते. विहीर वरून दिसते, तिच्यावरचा रहाट बाजूने. बैल कसाही उभा असो, त्याचे चारही पाय दिसलेच पाहिजेत. आई घराहून उंच. यात अज्ञान नाही, महत्त्वाचे काय याचा ठाम निवाडा आहे. पुढे शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा येतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या पायऱ्यांनी हाताला वळण लागते, आणि खेड्यातल्या कित्येक मुलांना कलेचे दार या परीक्षांनीच उघडून दिले, हे विसरता येणार नाही. पण स्मरणचित्राच्या नावाखाली पाठ केलेला भाजीबाजार आणि ठरावीक पाणवठा उतरू लागला की स्मरण संपते, घोकंपट्टी उरते. स्वतःच्या गावचा आठवडी बाजार रोजच्या पाहण्यातला असूनही मुलगा पुस्तकातलाच बाजार काढतो. मोठेपणी सहजतेकडे वळणाऱ्या चित्रकाराला आधी हे घोकलेले पुसावे लागते.

हे पुसण्याचे काम किती कष्टाचे असते, ते पाऊल क्ले या चित्रकाराकडे पाहिले की कळते. 1902 मध्ये त्याला घरी आपलीच लहानपणची चित्रे सापडली. पुढे स्वतःच्या कामाची सूची करताना त्यातली काही त्याने मानाने नोंदवली. 1912 मध्ये म्युनिकहून निघालेल्या ‘ब्लाऊए रायटर’ या चित्रकारगटाच्या संग्रहात मुलांची चित्रे आणि लोककलेचे नमुने नामांकित चित्रकारांच्या शेजारी छापले गेले. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या कामावर क्लेची छाया होती. प्रभाकर कोलते यांनाही क्ले जवळचा वाटला. दोघेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तयार झालेले. रेखाटनाची पूर्ण तालीम घेऊनच ते साधेपणाकडे आले.

मग तालमीबाहेरच्या माणसाचे काय? इथे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे काम नीट पाहिले पाहिजे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम. शेणमातीने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ, टोक ठेचलेली काडी आणि चौकटीच्या मधोमध पालघट देवी. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर गेले, तेव्हा गंजाडच्या म्हसे यांचा हात त्यांना ओळखता आला. विधीसाठी नव्हे, तर स्वतःच्या ओढीने म्हसे रोज चित्र काढत होते. पुढे त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय सन्मान, 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर प्रदर्शन, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र जवळ जाऊन पाहावे. जाळे जवळजवळ सगळी चौकट व्यापून टाकते. बारीक पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदत जातात, पण एकही घर दुसऱ्यासारखे नसते. कुठे ताण, कुठे ढील. पाण्याला वेगळा रंग न देताही त्याची ओढ डोळ्यांना जाणवते. माणूस म्हणजे टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण, एवढेच. तरी ते जोडले कसे, किती कलले, यावरून ओझे उचलणारा कोण आणि नाचणारा कोण ते कळते. या हाताला बालसुलभ म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यामागचा अनेक वर्षांचा सराव नाकारणे होय.

आजची स्थिती यामुळेच काळजीची आहे. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते त्रिकोण आता साड्यांवर, हॉटेलांत आणि शाळांच्या बोलक्या भिंतींवर छाप्यासारखे उमटतात. आकृती तीच, ताण गेलेला. तिकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीला परशुराम गंगावणे यांच्या 2021 च्या पद्मश्रीने पुन्हा प्रकाशात आणले. मात्र चित्रांची पोथी उघडून सांगितलेली रात्रभर कथा ऐकणारा श्रोता सन्मानाने परत येत नाही. या दोन परंपरांना निदान नाव तरी आहे. मराठवाड्यातल्या गावात परंपरेशिवाय, स्वतःच्या कल्पनेने चित्र काढणाऱ्या माणसाला तेही नाही. पोळ्याला मातीचे बैल घडवणारे हात त्याने पाहिलेले असतात, पण त्याचे काम लोककलेतही बसत नाही आणि शहरी दालनातही बसत नाही.

एकांताचा त्याला फायदा होतो, हे खरे. चालू फॅशनचा रेटा नसतो आणि चित्र विकण्याची घाई नसते. पण तोच एकांत त्याला उपाशीही ठेवतो. आपली चूक दाखवणारा कोणी नसेल, तर चित्रकार स्वतःच्याच जमलेल्या लकबीत अडकतो, आणि सहजतेची सवय झाली की सहजता मरते. म्हसे यांना कुलकर्णी भेटले. प्रत्येकाला असा माणूस भेटतो असे नाही.

म्हणून कौतुकाआधी समीक्षा हवी. ‘दृश्यकला’ कोशासारखी मोठी कामे मराठीत झाली. त्याच निष्ठेने तालुक्यातल्या चित्रांविषयीही लिहिले गेले पाहिजे. या चित्रात रेघ कुठे सैल पडली, रंग कुठे खरा लागला, कोणती आकृती वारंवार येते आणि का, हे स्पष्ट सांगावे. जिल्ह्याच्या गावी वर्षातून एकदा चित्रे भिंतीवर लागावीत, शाळांचे कलाशिक्षक मुलांना घेऊन यावेत आणि चित्रकाराला प्रश्न विचारले जावेत. खेड्यातल्या चित्रकाराला दयेची गरज नाही. त्याच्या चित्रापुढे थांबून त्याच्याशी बरोबरीने वाद घालणारा प्रेक्षक त्याला हवा आहे, आणि तो घडवणे हे आपल्यापैकी कलेवर लिहिणाऱ्यांचे पहिले काम आहे.