निनावी मजकूर आणि परमुलखातील वाचक

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्याच्या वाचनाचा आज हिशेब मांडला, तर ग्रंथ व मासिके यांच्यापेक्षा हातातील मोबाइलवर येणाऱ्या मजकुराचे पारडे फार जड भरेल, याविषयी आम्हांस शंका नाही. खाते रेल्वेचे असो, महसुलाचे असो वा लष्कराचे. सकाळी डोळे उघडावेत तो पुण्या-नागपुराहून निघालेली पाच-दहा सुभाषिते, दोन कविता, एखादा ललित लेख आणि प्रकृतीविषयीचा एक भयंकर इशारा हजर असतो. या मजकुराविषयी तक्रार पुष्कळ होते. समीक्षा मात्र कोणी करीत नाही. जे सर्वांत अधिक वाचले जाते त्याकडेच टीकाकाराने पाठ फिरवावी, हे आम्हांस उचित वाटत नाही.

या वाङ्मयप्रकाराचे पहिले लक्षण असे, की त्याचा कर्ता एक तर हरवलेला असतो, नाहीतर उसना आणलेला असतो. उसने नाव बहुधा पु. ल. देशपांड्यांचे किंवा व. पु. काळ्यांचे. पु. ल. १२ जून २००० रोजी निवर्तले, व. पु. त्याच्या पुढच्या वर्षी गेले; आणि व्हॉट्सॲपचा जन्म २००९ सालचा. म्हणजे ज्या माध्यमात हे दोघे दररोज नवे काही लिहीत आहेत, ते माध्यम दोघांपैकी एकानेही डोळ्यांनी पाहिले नाही! तारखांचे सोडले तरी शैली चुगली करतेच. पु. लं.चा विनोद माणसाच्या लकबीतून, त्याच्या गावातून, त्याच्या बोलीतल्या हेलातून उगवतो. त्यांच्या नावावर फिरणारा मजकूर पाहावा तर आई, पाऊस, मैत्री आणि मृत्यू या सर्वांचा चार ओळींत निकाल लावून मोकळा झालेला. त्यात माणूस नाही, गाव नाही, बोली नाही. उपदेश तेवढा आहे. एवढा फरक ज्याला जाणवत नाही त्याने पु. ल. वाचले आहेत, असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

नाव चुकले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. कर्ता कोण हे न विचारण्याची सवय कवितेपुरती राहत नाही, हे बिघडले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठार केली. मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याची वार्ता त्या दिवसांत मोबाइलवरून घरोघर पोहोचली होती. ती कोणी लिहिली, कोणत्या गावी मूल हरवले, हे कोणीही विचारले नाही. त्याच महिन्यात पुढे धाडलेल्या मजकुरावर तसा शिक्का उमटू लागला आणि एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी तो धाडण्यास हिंदुस्थानात बंदी आली. कंपनीने हात आखडता घेतला हे ठीकच. वाचकाने घेतला काय, हा प्रश्न राहतोच.

ही खोड नव्या यंत्राने लावली असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १८५७ च्या आरंभी याच उत्तर हिंदुस्थानात चौकीदारांच्या हातून गावोगाव चपात्या फिरल्या. आलेली चपाती घ्यावी, तशाच आणखी कराव्या आणि पुढच्या गावांना धाडाव्या, एवढाच निरोप. अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. म्हणूनच प्रत्येकाने आपल्या भयाप्रमाणे तो लावला.

त्याच धामधुमीतील एक मराठी पुस्तक या संदर्भात आम्हांस फार मोलाचे वाटते, आणि ज्या शहरात बसून आम्ही हे लिहीत आहोत त्याच शहराच्या वेढ्याची हकीकत त्यात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले, बंडात सापडले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीच्या आत होते. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो १८८३ मध्ये, पंचवीस वर्षे मनात मुरल्यावर. त्यांच्या लिहिण्यात वदंता नाहीत असे नव्हे, पुष्कळ आहेत. परंतु महूजवळ भेटलेल्या शिपायांनी सांगितले ते शिपायांचे म्हणून येते, आणि झाशीत स्वतः सोसले ते स्वतःचे म्हणून येते. कोणत्या वाक्यावर किती भार द्यावा, हे वाचकास ठरविता येते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापताना भाषेत व मजकुरात फेरफार केले. तेही पकडता आले, कारण मूळ हस्तलिखित शिल्लक होते. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली त्याबरहुकूम पाठ प्रसिद्ध केला. फिरत्या मजकुराचे हस्तलिखित कोठे शोधावे? दर मुक्कामी कोणी एक ओळ गाळतो, कोणी नाव बदलतो, आणि फेरफाराची खूणही मागे उरत नाही.

यावर सरसकट उपाय सांगितला जातो तो यंत्र मिटून ठेवण्याचा. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांच्या वडगावाने २०२२ पासून तो गावकीने अमलात आणला. सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, मोबाइल व दूरदर्शन संच बंद होतात, आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यासाला व मोठी माणसे वाचायला-बोलायला बसतात. उपक्रम स्तुत्य आहे. पण तो यशस्वी होतो त्याचे कारण भोंगा नव्हे. भोंगा वाजल्यावर बोलायला शेजारी आहे, हे आहे. बदलीच्या गावी आलेल्या आमच्या अधिकाऱ्याला तो शेजार कोठून मिळावा? मुले शाळेत हिंदी व इंग्रजी शिकतात, घराबाहेर बुंदेली कानी पडते. त्याच्या दिवसातील उरलीसुरली मराठी त्या यंत्रातूनच येते. तेच मिटून ठेव असे त्याला सांगणे म्हणजे पथ्याच्या नावाखाली उपासमार होय.

तेव्हा प्रश्न किती वेळ वाचावे याहून कसे वाचावे याचा अधिक आहे. वेळेचा मुद्दा आम्ही अगदीच उडवून लावीत नाही. २००६ साली एझा रास्किन या रचनाकाराने पडद्यावरील पानाला शेवटच नसावा अशी युक्ती काढली, आणि पुढे तिच्याबद्दल त्यानेच खेद व्यक्त केला. ग्रंथाचे प्रकरण संपते, मासिकाचा अंक संपतो, आणि संपल्यावर वाचक क्षणभर विचार करतो. हा क्षणच त्या युक्तीने काढून घेतला. परंतु तो परत मिळविण्याचा एक मार्ग वाचकाच्या हाती अजून आहे: मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तो कोणाचा, कोणत्या पुस्तकातला, कोणत्या सालचा, हे पाहणे. न सापडल्यास ‘लेखक अज्ञात’ असे स्वच्छ लिहावे. महाराष्ट्र मंडळांच्या समूहांनी एवढा दंडक घातला तर सकाळचा बराचसा ढीग आपोआप ओसरेल, आणि जे उरेल त्यात खरे पु. ल.ही असतील.

आणखी एका अन्यायाची येथे नोंद केली पाहिजे. पु. लं.च्या नावावर फिरणाऱ्या ढिगात क्वचित एखादा परिच्छेद खरोखर चांगला असतो. तो पु. लं.चा नसतो, पण कोणाचा तरी असतो. कोठल्याशा तालुक्याच्या गावी कोणी शिक्षिकेने, कोणी कारकुनाने तो जिवाचे कान करून लिहिलेला असेल. आणि आज तोच त्याच्या लेखकाकडे दुसऱ्याच्या नावाने, ‘जरूर वाचा’ अशी शिफारस घेऊन परत येत असेल.