उसनी उपासना

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या काव्याविषयी चार रसिक बोलू लागले, की त्यांतील एकजण तरी असे म्हणतोच, की टिळकांनी ख्रिस्ती धर्मास मराठी वेष चढविला. म्हणणाराचा हेतू स्तुतीचा असतो व त्या स्तुतीत तथ्यही आहे. परंतु वेष चढविणे हे शिंप्याचे काम होय. टिळकांचे कार्य एवढ्यावरच संपले असते, तर एका चतुर भाषांतरकारापेक्षा अधिक मान त्यांस देण्याचे आम्हांस कारण दिसले नसते. आमच्या मते त्यांच्या भक्तिकाव्याचे मर्म वेषात नाही. ओठांनी होणारी उपासना आणि अंतःकरणाने होणारी उपासना यांमधील अंतर त्यांस जन्मभर सलत होते, आणि त्या सलातून त्यांचे उत्तम अभंग निघाले आहेत. हे मर्म सुटले म्हणजे टिळकही कळत नाहीत, आणि त्यांची गीते आज ज्या मंडळीत गायिली जातात तिच्यापुढील प्रश्नही कळत नाही.

वेषाचीच गोष्ट घेतली तर तो मान टिळकांच्या फार आधीचा आहे. गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पाद्र्याने आपले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापिले. ग्रंथ ओवीबद्ध असून त्याची ओवीसंख्या दहा हजारांच्या वर आहे. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली व त्यांच्या जागी कानास गोड असे काही आले नाही, ही उणीव त्या परदेशी मनुष्याने ओळखली. पुढे नगरच्या बाजूस ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पडली, व कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी एतद्देशीय चालींवर गीते केली. तेव्हा ओवी, अभंग, कीर्तन ही सामग्री टिळकांपूर्वीच ख्रिस्ती घरात येऊन पडली होती. टिळकांनी तिचे काय केले, हे पाहिले पाहिजे.

तत्पूर्वी त्या काळच्या उपासनेची स्थिती ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईस व 1831 साली अहमदनगरास आले. मिशनच्या मंदिरांत मराठीत गीते होती. परंतु त्यांतील पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असून इंग्रजी चालींवरच बसविलेली होती. यातील अडचण केवळ अभिमानाची नसून छंदःशास्त्राची आहे. इंग्रजी पद्य आघातावर चालते. एका अक्षरावर जोर, दुसरे सोडून द्यावयाचे, अशी त्याची चाल. मराठी शब्दास तसा आघात नाही. आमचे वृत्त लघुगुरूंच्या मापाने किंवा मात्रांनी बांधलेले असते, आणि ओवी-अभंग अक्षरसंख्या व यमक यांवर उभे राहतात. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहासहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. त्या आखूड चौथ्या चरणाशी मन क्षणभर थांबते. मराठी शब्द इंग्रजी चालीवर ताणले म्हणजे लघु अक्षर लांबते, गुरु अक्षर आखडते, शब्द मध्येच तुटतो, आणि गाणारास आपण काय म्हणत आहो याचे भान राहत नाही. अर्थ मनात शिरण्याआधीच सूर संपतो. पोकळ उपचाराचा आरंभ पुष्कळदा असा होतो. त्यास दुष्ट हेतू लागत नाही, परक्या चालीवर बेतलेली चांगली प्रार्थनाही पुरते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी 1861 साली जन्मलेल्या आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना हे जाणवले, यात नवल नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो, असे ते म्हणत असत. ख्रिस्तास ते माउली म्हणत, गुरु म्हणत. हे संबोधन त्यांनी अलंकारासाठी घेतले नव्हते. भक्ती या शब्दाबरोबर त्यांच्या तोंडास दुसरे काही येणेच शक्य नव्हते.

बहुतेक टीकाकार येथवर येऊन थांबतात, व मराठी चाल आली म्हणजे उपासना खरी झाली असे ठरवून मोकळे होतात. आमचा मतभेद येथे आहे. चाल आपली असली म्हणजे भाव आपला असतोच, हे वारकऱ्यांच्या अनुभवालाही धरून नाही. टाळ वाजवून पोट भरणारे, टिळेमाळांनी साधुत्व मिरविणारे यांच्यावर तुकोबांनी जितके कोरडे ओढले आहेत, तितके परधर्मीयांवरही कोणी ओढले नसतील. आणि ते सर्व लोक अस्सल मराठीतच भजन करीत होते. इकडे बायबलाकडे पाहावे तर तीच गोष्ट. आमोस संदेष्टा सांगतो, की न्याय नसेल तर देवाला सणांचा व गाण्यांचा तिटकारा येतो. ती गाणी इब्री लोकांच्या स्वतःच्या भाषेतीलच होती. मंदिरात उभा राहून स्वतःच्या उपासतापासांचा पाढा वाचणारा परूशी आणि दूर उभा राहून ऊर बडविणारा जकातदार यांच्या दृष्टांतात दोघांची भाषा एक, मंदिर एक. फरक एवढाच, की पहिल्याच्या प्रार्थनेत स्वतःच्या दोषाविषयी एक शब्द नाही.

हिंदू समाजासही या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय नाही. आम्ही राहतो त्या बिबवेवाडीपासून गुरुवार पेठ काही लांब नाही. त्या पेठेतील पंचहौद मिशनात 1890 साली पुण्यातील प्रतिष्ठित गृहस्थांनी चहा घेतला, त्यावरून ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषानेही अखेर प्रायश्चित्त घेतले. ज्यांनी प्रायश्चित्त मागितले व ज्यांनी ते दिले, त्यांतील कितीजणांस चहाच्या पेल्यात पाप आहे असे मनापासून वाटत होते? धर्म तेथे हिशेबाच्या वहीसारखा झाला होता. रकमा जुळल्या म्हणजे झाले. टिळकांनी पाच वर्षांनी जो धर्म सोडला, तो या वहीचा होता. आणि ज्यात ते गेले, त्यातही दुसरी एक वही त्यांची वाट पाहत होती.

ती वही म्हणजे मिशनचा कारभार. 1904 साली टिळक दीक्षित पाळक झाले. ‘ज्ञानोदया’च्या मराठी अंगाचे संपादन, शिकवणे, गीतरचना ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली. तथापि एक गोष्ट त्यांस सतत बोचत होती. उपदेशक पगारी, पगार परदेशातून येणारा, आणि मंडळी मिशनला मायबाप म्हणणारी. तेव्हा देवाची स्तुती कोणती आणि धन्याची खुशामत कोणती, हे ओळखावे कसे? मिशनऱ्यांनी मायबाप न होता बंधू व्हावे, असे त्यांनी स्पष्ट बोलून दाखविले होते. अखेर 1917 साली त्यांनी मिशनचा संबंध व वेतन सोडले, साताऱ्यास राहण्यास गेले, व ‘देवाचा दरबार’ नावाचा एक बंधुसंघ उभारू लागले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. स्वतः बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात, आप्त सोडलेल्या मनुष्याने बावीस वर्षांनी तोच विधी भक्तीचे दार मानू नये, असे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे. विधी त्यांनी टाकला नाही. मात्र देवाकडे जाण्याचा परवाना म्हणून तो कोणी वापरावा, हे त्यांस मान्य नव्हते.

टिळकांचे अभंग आम्हांस खरे वाटतात ते यामुळे. त्यांतील समर्पणाचे शब्द जुनेच आहेत. संतांनी ते हजारदा वापरले आहेत. परंतु लिहिणाराने त्यांची किंमत मोजलेली आहे. जो महिन्याचा पगार सोडतो, त्याच्या तोंडी ‘सर्वस्व’ हा शब्द नाण्यासारखा वाजतो. उपासनेचा आकार वाईट नसतो. दुसऱ्याने किंमत दिलेला आकार आपण फुकट वापरला म्हणजे तो पोकळ होतो. मग तो लंडनहून आलेला असो की देहूहून.

या कसोटीला त्याच घरातील दुसरे एक उदाहरण उतरते. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीमागोमाग बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांनी तो 1900 साली, म्हणजे पाच वर्षांनी घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र 1934 सालापासून भागांनी प्रसिद्ध होऊ लागले. सोवळेओवळे कडक पाळणारी एक स्त्री, जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी एकटीच कशी झगडते, आणि उत्तर सापडताच ते ताटात व पाण्याच्या भांड्यात कसे उतरवते, हे त्यात वाचावे. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, हा सोपा उपचार तिने नाकारला. तिचा बाप्तिस्मा उशिरा झाला म्हणूनच तो तिचा स्वतःचा झाला.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार 1977 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात क्रूसावरील लॅटिन अक्षरांचा वाद आहे. क्रूसावर अक्षरे हवीतच तर ती आपल्या देशाच्या संस्कृत भाषेत का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. आपणांस व आपल्या लोकांस न कळणारी लॅटिन अक्षरे अंगावर मिरविणे त्यांना पटेना. पण याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात 1905 साली शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. टिळकांचा अभंग व मुक्तीतील तो कल्लोळ यांत बाह्यतः काहीच साम्य नाही. दोन्ही खरे असू शकतात, आणि पुढच्या पिढीने केवळ वहिवाट म्हणून चालविले तर दोन्ही खोटेही होऊ शकतात.

टिळकांचे दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांची लेखणी फार सुलभ चाले, आणि ती सुलभता भक्तिकाव्यास मानवत नाही. पुष्कळशा गीतांत समर्पण पहिल्याच कडव्यात उरकते, व पुढे त्याची पुनरुक्ती राहते. झगड्यावाचून मिळालेली शांती वाचकास पटत नाही. मंडळीच्या गरजेपुरती लिहिलेली गीते आणि मनाच्या गरजेतून निघालेले अभंग यांतील फरक कान देऊन वाचणारास लगेच कळतो. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले आणि त्यांचा दरबार त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही. याउलट ज्या चर्चच्या चाकोरीला ते कंटाळले होते, तिनेच त्यांची गीते ‘उपासना संगीता’त घालून घरोघर पोहोचविली. उपचाराचा पक्ष घेणारास हा बिनतोड मुद्दा आहे, आणि आम्ही तो मान्य करतो. माणसाचा उमाळा रोज येत नाही; न आलेल्या दिवशी सवयच त्यास मंदिरापर्यंत नेते. मडके पाणी नव्हे हे खरे, परंतु मडक्यावाचून पाणी घरी येत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की मडके भरले आहे की नाही हे कोणीतरी वाकून पाहिले पाहिजे.

आज हे पाहण्याची गरज अधिक आहे, कारण जुनी सबब आता उरलेली नाही. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक मिस्साही लॅटिनमधून लोकभाषेत आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, आणि 2020 साली धाराशिव येथे, ज्यास तेव्हा उस्मानाबाद म्हणत, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पुण्यातील मराठी मंडळ्यांत टिळकांची गीते पेटी-तबल्यावर गायिली जातात. भाषा आपली, चाल आपली, कवी आपला. आता उपासना पोकळ वाटली, तर दोष परक्या मिशनवर ढकलता येणार नाही. टिळकांनी ज्या पाठ म्हणण्यावर नाराजी दाखविली, त्याच पाठ म्हणण्याचा विषय आज खुद्द टिळक होऊन बसण्याचा संभव आहे. ज्या गीतात कवीने पगार सोडण्याचे बळ मिळविले, तेच गीत गाऊन कोणी बाहेर पडताच मोलकरणीच्या पगारातून दिवस कापीत असेल, तर त्या गीताचे काय झाले म्हणावयाचे?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळीचा आहे, असे आमच्या हिंदू वाचकांनी समजू नये. ध्वनिफितीवर आरती लावून स्वयंपाकघरात कामाला लागणारी आमची घरे, दक्षिणा पोहोचती करून पूजेस न बसणारे आमचे यजमान, यांसही टिळक वाचनीय आहेत. ज्यांच्या घरी ‘अभंगांजली’ आहे, त्यांनी ती गाण्याआधी एकदा मुकाट्याने, चाल विसरून वाचावी. प्रत्येक अभंगाशी थांबून एवढेच विचारावे: यातील कोणता शब्द आपण आज खरा करू शकतो? एक सापडला तरी पुरे. उरलेले गीत मग हवे तितके मोठ्याने गावे.